न सापडणारा रफू

माझं पुलगावच्या बाजारात रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. हे मी मोठ्या अभिमानानं सांगतोय असं समजू नका. वडिलांच्या काळात इथे कापडाची थानं उलगडली जायची. गिऱ्हाईक कापड चिमटीत धरून चोळून बघायचं, मग कुठे कात्री लागायची. आता दर आठवड्याला गठ्ठे येतात. मागचा गठ्ठा सुटलेला नसतो, तोच त्याच्या डोक्यावर नवा येऊन बसतो. टी-शर्ट तर इतके, की पुलगाव आणि नाचणगाव मिळून जेवढी माणसं आहेत त्यांनी रोज दोनदा बदलले तरी संपायचे नाहीत. कोण शिवतं आणि कशासाठी शिवतं, देव जाणे. मी सकाळी 'सेल'चा फलक बाहेर काढतो आणि संध्याकाळी आत घेतो. साठी उलटली आता, त्या फलकाचंही ओझं होतं.

याच दुकानाच्या पायरीवर, डाव्या हाताला, मीराबाई थूल गेली पंचवीस-सव्वीस वर्षं रफू करत बसतात. नाचणगावाहून येतात, पूर्वी पायी यायच्या, आता ऑटोनं. सोबत एक पत्र्याचा डबा, त्यात सुया, एक छोटी कात्री आणि धाग्यांची गुंडाळी. माझे वडील त्यांना अगं-तुगं करायचे, मी अहो-जाहो करतो. एवढीच आमच्या घराची प्रगती.

मीराबाई आधी मिलमध्ये होत्या, फोल्डिंग खात्यात. मागावरून उतरलेलं कापड तिथे तपासायला यायचं. कुठे धागा तुटलेला, कुठे बारीक भोक पडलेलं, ते या बायका सुईनं भरून काढायच्या. मग तपासनीस ते कापड उजेडात धरायचा. रफू सापडला तर कापड परत, नाही सापडला तर पास. रफू कुठे केला ते बाईनं सांगायचं नाही, खूण ठेवायची नाही, अशी तिथली रीत होती. मीराबाईंचं कापड म्हणे सहसा परत येत नसे. हे मला त्यांनी सांगितलेलं नाही, मिलमधल्या दुसऱ्या लोकांनी सांगितलं. स्वतःबद्दल सांगायची त्यांना सवयच नाही, आणि कामच असं की ते चांगलं झालं तर कोणाला कळू नये.

मिलचं काम सुटलं तेव्हा नवरा आधीच गेलेला होता आणि पदरात एक मुलगी होती, पौर्णिमा. मीराबाई आमच्या पायरीवर येऊन बसल्या. तेव्हा लोक रफू करून घ्यायचे. लग्नाच्या शालूला उंदीर लागला, सफारीवर विडीची ठिणगी पडली, की मीराबाई. त्या कापडाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे चार धागे काढायच्या आणि त्यांनीच भोक विणून काढायच्या, एक वरून, एक खालून. बाहेरचा धागा लावायचा नाही. नंतर नखानं दाबून, पाण्याचा हात फिरवून, कापड उन्हाकडे धरून बघायच्या. तेवढ्यापुरता त्यांच्या चेहऱ्यावर जरा जीव यायचा.

आता कोण येतं? रफूला तीन दिवस लागतात आणि माझ्याच दुकानात तीन मिनिटांत नवी पँट मिळते. मीच त्यांचं गिऱ्हाईक खाल्लं आणि मीच त्यांना बसायला पायरी दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. महिन्यात चार-दोन कामं येतात, बाकी वेळ त्या रस्त्याकडे बघत बसतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते फारसं साधलं नाही. दुसऱ्यातही आता पडदा येतोय.

मागच्या वर्षी अस्मिता नावाची एक मुलगी दुकानात आली. वर्ध्याची, बाहेरगावी कापडाचं शिक्षण घेऊन परत आलेली. खांद्याला पिशवी, आणि अंगातल्या कुर्त्यावर जाणूनबुजून लावलेलं लालभडक ठिगळ. मला वाटलं काही घ्यायला आली असेल, पण तिला काही घ्यायचं नव्हतं. स्टेशनच्या रस्त्याला ती माणुसकीची भिंत आहे ना, जिथे लोक नको झालेले कपडे टांगून जातात, तिथून ती येत होती. त्या भिंतीची काय दशा आहे ते आम्ही रोज बघतो. टांगणारे हजार, नेणारे दहा. खाली ढीग पडतो, त्यावर कुत्री झोपतात, मग नगरपालिकेची गाडी येते आणि तो ढीग उचलून नेते. अस्मितानं त्यातून दोन पोती भरून कपडे निवडले होते. ते दुरुस्त करून वर्ध्याला प्रदर्शन मांडायचं होतं. जगात गरजेपेक्षा कितीतरी पट कपडा तयार होतो आहे, म्हणून फाटलेलं सांधणं हीच आता कला आणि हाच निषेध, असं ती म्हणाली. माझ्या शंभर टी-शर्टांच्या मधोमध उभी राहून म्हणाली. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर कोणीतरी ते बोललं याचं बरंच वाटलं.

तिला मीराबाई हव्या होत्या. पण दुरुस्ती दिसली पाहिजे, अशी तिची अट. लाल, निळा, पिवळा धागा वापरायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की हे फाटलं होतं आणि कोणीतरी हातानं सांधलं.

मीराबाईंनी पहिल्यांदा एवढंच विचारलं, की कपडे कोणाचे. लोकांनी फेकलेले, असं कळल्यावर त्यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं. झाकण का लागलं ते मला समजलं, अस्मिताला समजणं शक्य नव्हतं. मीराबाई पोटात होत्या तेव्हा त्यांची आई नागपूरला दीक्षेला गेली होती. तिथून आल्यावर तिनं पहिलं काय केलं, तर ज्या घरी कामाला जायची तिथून मिळणारं जुनं लुगडं घेणं बंद केलं. कोणाची उतरण अंगाला लावायची नाही. ठिगळ लागलं तरी चालेल, पण ते आपल्याच लुगड्याचं. त्या बाईनं हे मरेपर्यंत पाळलं, आणि मीराबाईंनी ते पौर्णिमाला घुटीसारखं पाजलं.

तरी अस्मिता चिवट होती. तिनं एक शर्ट आणि लाल धाग्याचं रीळ ठेवून दिलं. मीराबाईंनी दिवसभर बसून कोपरावर लाल रफू केला आणि संध्याकाळी तो सगळा उसवून टाकला. मला म्हणाल्या, हात चालत नाही. फाटलेलं चव्हाट्यावर मांडायचं म्हणजे चारचौघांत आपलंच उघडं पडल्यासारखं वाटतं.

पौर्णिमाला फोनवर हे कळलं तेव्हा ती भडकली. ती आता हिंगणीच्या बाजूला शाळेत शिक्षिका आहे, बोलायला मागेपुढे बघत नाही. आपण ठिगळं लावली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, आणि आता मोठ्या घरच्या पोरी ठिगळं लावतात तर टाळ्या पडतात, असं ती म्हणाली. मी त्या प्रदर्शनात पाय ठेवणार नाही, तूही जाऊ नकोस, असं तिनं आईला बजावलं. मला तिचं म्हणणं खोटं वाटलं नाही. अस्मिताचंही खोटं वाटलं नव्हतं. या वयात असं फार होतं, सगळ्यांचंच खरं वाटतं आणि थकायला होतं.

अस्मितानं मग शेवटचा मार्ग काढला. म्हणाली, काकू, लाल धागा राहू द्या. तुमच्या हातचं सगळ्यात चांगलं जे काम असेल, तुमच्या घरातलं, ते एक द्या. त्याच्याखाली तुमचं नाव लावीन.

चार दिवसांनी मीराबाईंनी डब्याखालून एक पिशवी काढली आणि माझ्यासमोर धरली. आत लहान मुलीचा फ्रॉक होता, पिस्ता रंगाचा. मी तो बघताच ओळखला.

तो फ्रॉक माझ्या मुलीचा, माधवीचा. मीराबाई पायरीवर बसायला लागल्या त्याच वर्षीची गोष्ट. माधवीनं तो तारेच्या कुंपणात अडकवून छातीवर काटकोनात फाडला होता, बोटभर इकडे आणि बोटभर तिकडे. बायकोनं तो पोतेरं करायला काढला. त्याच आठवड्यात पौर्णिमाचा चौथीच्या स्कॉलरशिपमध्ये नंबर आला होता. शाळेत सत्कार होता, आणि पोरीकडे गणवेशाशिवाय धड कपडा नव्हता. मी तो फ्रॉक मीराबाईंना देऊ केला. देताना मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो. देणाऱ्याला वाटतंच. त्या कितीतरी वेळ तो हातात घेऊन बसल्या. मग शिवणीतले धागे काढून त्यांनी चार दिवस तो फ्रॉक भरला. असं काम मी आयुष्यात पाहिलं नाही. पूर्ण झाल्यावर मी स्वतः उन्हात नेऊन शोधलं, मला जागा सापडली नाही, आणि फाटलेलं तर मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. मग आम्ही दोघांनी मिळून लबाडी केली. मी फ्रॉकला इस्त्री करून, पुठ्ठा घालून, टाचण्या लावून दुकानाच्या पिशवीत भरला. पौर्णिमा आईबरोबर दुकानात आली. मी तो फळीवरून काढून काउंटरवर ठेवला, नवा म्हणून. ती पोर इतकी हसली होती, की मला आत जाऊन पाणी प्यावं लागलं.

त्याबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी मी विचारलं, हाच कशाला देता.

"डोये जाऊन राह्यले, भाऊ," मीराबाई म्हणाल्या. "इतकी वर्सं काम केलं, कोनी पाह्यलं नाई. कोनाले दिसू नये म्हनूनच तं केलं. पन एकडाव कोनीतरी पाह्यलं पाह्यजे. पौर्निमा तं येऊनच नाई राह्यली."

मी फ्रॉक घडी करून पिशवीत घातला. त्यांना नको म्हणायचा मला काय हक्क होता?

अस्मितानं फ्रॉक उलटा केला, सुलटा केला, खिडकीपाशी नेला, भिंग लावलं. काकू, कुठे आहे? मीराबाई सांगेनात. शोधा म्हणाल्या, सापडला तर काम कच्चं. मिल सुटून इतकी वर्षं झाली, पण ती रीत काही सुटली नव्हती. अस्मिताला ते फारच आवडलं. तिनं ठरवलं, की पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर मीराबाईंनीच बोट ठेवून ती जागा दाखवायची. मीराबाई हो म्हणाल्या. जाताना त्या अस्मिताला दोनदा वेळ विचारून गेल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही दोघं सकाळच्या बसनं वर्ध्याला गेलो. मीराबाईंनी पांढरी साडी नेसली होती, बारीक निळ्या काठाची. शाळेच्या एका जुन्या हॉलमध्ये दोऱ्या बांधून कपडे टांगले होते. कोणाच्या गुडघ्यावर पिवळी फुलं, कोणाच्या पाठीवर निळ्या टाक्यांची नक्षी. माणुसकीच्या भिंतीवरचा तो कचराच होता, पण मन लावून सांधलेला. बघताना माझ्यासारख्या गठ्ठे विकणाऱ्यालाही कसंनुसं झालं. आणि शेवटी, एकट्या खिळ्याला, पिस्ता फ्रॉक. खाली पुठ्ठ्यावर नाव, मीराबाई थूल, नाचणगाव. त्यांना वाचायला दिसत नव्हतं. मी वाचून दाखवलं तर म्हणाल्या, आणखी एकदा वाचा.

तीसेक माणसं जमली होती. अस्मितानं बोलायला सुरुवात केली आणि तेवढ्यात दारातून पौर्णिमा आली. हातात शाळेची पिशवी, घामाघूम. निमंत्रणपत्रिका तिला कोणीतरी मोबाइलवर पाठवली होती. त्यावर आईचं नाव छापलेलं बघून तिला राहवलं नाही, अर्धी रजा टाकून ती निघाली होती. ती येऊन आईच्या खांद्याला धरून उभी राहिली. मीराबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली.

अस्मिता सांगत होती, की या फ्रॉकवर एक रफू आहे आणि तो गेल्या महिनाभरात आमच्यापैकी एकालाही सापडलेला नाही. आता काकू तो आपल्याला दाखवतील.

"अगं, हा तर माझा फ्रॉक!" पौर्णिमा म्हणाली. मग लोकांकडे वळून तिनं हसत हसत सांगितलं, की चौथीत नंबर आला तेव्हा आईनं तो नवा कोरा घेतला होता. माझ्याकडे बोट करून म्हणाली, यांच्याच दुकानातून. आमच्या घरात कोणाचं जुनं कधी आलं नाही, आजीपासूनची शिस्त आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली.

मीराबाईंचं बोट तोवर वर उचललेलं होतं. फ्रॉकच्या छातीपासून वीतभर अंतरावर ते थांबलं. डोळ्यांना दिसत नसलं तरी जागा त्यांना पाठ होती. तीसेक माणसं त्या बोटाकडे बघत होती. उभ्या आयुष्यात एवढी माणसं त्यांच्या हाताकडे कधी बघत उभी राहिली नव्हती, आणि पुन्हा राहणारही नव्हती.

इथे माझी एक गोष्ट कबूल करतो. मला बोलावंसं वाटलं. मीराबाईंसाठी वाटलं, हे तर आहेच. पण त्यात एक घाणेरडा धागाही होता, की फ्रॉक माझ्या घरचा होता हे कोणाला तरी कळावं. तो मला वेळेवर दिसला म्हणून मी तोंड मिटून राहिलो.

मीराबाईंनी बोट खाली घेतलं.

"नाई मॅडम," त्या म्हणाल्या. "याच्यात रफू नाई. चुकीनं आला."

अस्मिता गोंधळली. पण काकू, तुम्हीच म्हणाला होतात ना. मीराबाई म्हणाल्या, म्हातारपण आहे, डोळ्यांनी दिसत नाही, दुसरीच पिशवी दिली गेली. लोक समजूतदारपणे हसले. अस्मिताचा चेहरा उतरला, पण पोरगी भली, तिनं काकूंचा हात धरून काही हरकत नाही म्हटलं. खिळ्यावरचा फ्रॉक काढून तिनं पौर्णिमाच्या हातात दिला, पुठ्ठाही काढला. मंडळी पुढच्या कपड्याकडे सरकली.

पौर्णिमा आईला गमतीनं रागावत होती. काय आई, मला विचारायचं तरी, मी सांगितलं असतं. तिनं फ्रॉक अंगाशी धरून पाहिला. इतका जुना, पण कसा नवाच्या नवा राहिला, असं म्हणाली. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

दाराजवळ एक मोठी टोपली ठेवली होती. एका वसतिगृहातल्या मुलींसाठी चांगले, न फाटलेले कपडे द्यावेत, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. पौर्णिमा ते वाचून थांबली. तिनं फ्रॉककडे बघितलं, टोपलीकडे बघितलं.

"ठेवून तरी काय करतं, आई? कोन्या पोरीच्या कामी येईन," ती म्हणाली. "आपन आजलोक कोनाचं घेतलं नाई. आता देनाऱ्यायत आलो आपन."

मीराबाईंनी फक्त मान हलवली. पौर्णिमा फ्रॉक तसाच टाकणार होती, तर त्यांनी तो मागून घेतला. टोपलीच्या काठावर ठेवून नीट घडी केली, छातीचा भाग आत गेला, आणि मग तो खाली ठेवला. अंगठा घडीवर थोडा वेळ राहिला. मग त्यांनी हात काढला.

पौर्णिमा सेलूच्या गाडीनं हिंगणीकडे गेली. आम्ही पुलगावच्या बसची वाट बघत उभे राहिलो. ऊन बरंच होतं, मीराबाईंनी पदर डोक्यावरून घेतला होता. मला राहवेना. म्हटलं, मीराबाई, मी पाच मिनिटांत जाऊन तो परत आणतो, कोणाला कळायचंही नाही.

"नोका, भाऊ," त्या म्हणाल्या. "राहू द्या तिथंच. कोनती तरी पोरगी घालन. तिलेबी नवाच वाटन."

बस आली. मी त्यांना हात देऊन वर चढवलं आणि आम्ही मागच्या बाजूला जागा मिळाली तिथे बसलो. देवळी गाव येईपर्यंत त्या खिडकीकडे तोंड करून होत्या. मिलमध्ये तपासनिसाला रफू सापडला नाही की ही बाई मनातल्या मनात किती खूश होत असेल, असं मला तोवर वाटायचं. त्यांचं काम बिनचूक निघाल्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.